सामुराई घरी जातो

वन्सं, तुमच्या माघारी मला माझ्याच घरात फ्रिज उघडायची चोरी झाली आहे. दूध काढायला जावं तर दारावर तुमचा लाल टॅग लोंबतोय. सव्वा वर्ष झालं त्याला. वर छापील 'रिजेक्ट', खाली तुमचं ते टाइप केल्यासारखं अक्षर: 'मूळ ड्रॉइंगप्रमाणे नाही. परत करावे.' आणि दोऱ्याला टोचलेली सिनेमाची तीन तिकिटं. तुमच्या तेराव्याला आलेल्या मंडळींपैकी निम्म्यांनी तो वाचला आणि फ्रिजला काय झालं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, फ्रिज उत्तम आहे, हे एका जपानी सिनेमाचं आहे. दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं असणार.

आधीच सांगते, मी आज रडायला बसलेली नाही. ते करून झालं, पोटभर झालं. आज मी भांडायला बसले आहे. आपला एक वाद अर्धा राहिलाय आणि तुम्ही तो अर्धा टाकून निघून गेलात. चाळीस वर्षांत असं तुम्ही कधी केलं नव्हतं.

लग्न होऊन मी सांगलीहून इथे कॅनडात, विंडसरला आले तेव्हा नणंद या विषयावर सगळ्यांनी माझे कान भरून पाठवलं होतं. तुम्ही ह्यांची थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, आमच्या आधी इथे आलेल्या, बिनलग्नाच्या, आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. 'नाकासमोर चाल आणि उलट बोलू नकोस,' असं मावशीनं बजावलं होतं. स्टेशनवर तुम्ही घ्यायला आलात. माझ्याकडे न बघता माझ्या वळकटीकडे बघितलंत आणि विचारलंत, "ही दोरी कुणी बांधली?" मग कोटाच्या खिशातून एक पिवळा टॅग काढून वळकटीला बांधलात आणि म्हणालात, "घरी गेल्यावर रीवर्क." मला हसू आवरेना. तुम्हीही हसलात. मावशीचा सल्ला मी त्या प्लॅटफॉर्मवरच्या बर्फातच टाकून दिला.

पुढे टॅगांची सगळी भाषा मला पाठ झाली. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे बाद. आणि पिवळा म्हणजे होल्ड: माल चांगला की वाईट हे अजून ठरायचंय. कारखान्यात असा माल पिवळ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवत आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय तिथून हलवत नसत. एकाची सही पुरत नसे. "एकाचं ते मत, विजू. दोघांचा तो निर्णय," असं तुम्ही सांगायचात. रिटायर झालात तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं आणि फुलदाण्या घरी नेल्या. तुम्ही उरलेल्या टॅगांचा खोका आणलात आणि आमच्या घरात कुणाचीही खैर राहिली नाही. ह्यांनी बर्फ उपसून साफ केलेल्या ड्राइव्हवेवर लाल टॅग. माझ्या चकलीला पिवळा: 'काटे अस्पष्ट.' आमच्या निखिलच्या लग्नात तुम्ही व्याह्यांच्या फेट्याला हिरवा बांधलात आणि तो बिचारा माणूस अभिमानानं दिवसभर मिरवला. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून कारखान्यात तुमचा दरारा असेल, पण घरात तुमच्यासारखी खोडकर बाई दुसरी नव्हती.

आता आपल्या सामुराईकडे येते.

निखिलची मुलगी इरा मिल्टनहून नाताळच्या सुट्टीत आली होती, ती जाताना एक पुस्तक सोफ्यावर विसरून गेली. जपानी चित्रकथा, मांगा म्हणतात ती. मी ते उचलून इरा आली की झोपते त्या खोलीत ठेवायला निघाले तर तुम्ही हात पुढे केलात. मी म्हटलं, "वन्सं, चित्रांचं पुस्तक आहे ते, मुलांचं." तुम्ही म्हणालात, "ड्रॉइंग वाचूनच मी आयुष्य काढलं, मला चित्रांचं काय सांगतेस?" आणि दुपारभर खिडकीशी बसून ते वाचलंत. संध्याकाळी निकाल दिलात: गोष्ट विचित्र आहे, पण चांगली आहे. सुरुवातीला सगळे मरून पडलेले असतात आणि हळूहळू एकेक जण उठून बसतो, जखमा भरतात, जळलेलं घर उभं राहतं, आणि शेवटी सगळे मिळून जेवतात.

फोनवर इराला हे सांगितलंत तेव्हा पोरगी किंचाळली. "आत्याआजी! यू रेड इट बॅकवर्ड्स! इट गोज राइट टू लेफ्ट!"

हजार भाग उलटसुलट करून तपासणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंनी अख्खं पुस्तक उलट्या बाजूनं वाचलं होतं. मी आणि हे इतके हसलो की मला ठसका लागला. तुम्ही मात्र जराही खजील झाला नाहीत. म्हणालात, "मग त्यांनी चुकीच्या बाजूनं लिहिलंय. माझ्या बाजूनं जास्त बरं वाटतं." आणि मग सरळ बाजूनं पुन्हा वाचलंत. मग पुढचा भाग मागवलात. मग त्याच्या पुढचा. अकरा भाग! चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्हाला तलवारींचं वेड लागलं. जेवताना भाताच्या ढिगाला चमच्यानं कसं कापायचं हे तुम्ही ह्यांना शिकवू लागलात.

गोष्ट तुम्ही मला तुकड्या तुकड्यानं सांगायचात, मी कणीक मळत असताना. एक सामुराई लढाईवरून घरी येतो, तर थोरल्या भावाचा कुणीतरी दग्यानं खून केलेला असतो. खुन्याचा चेहरा फक्त भावजयीनं पाहिलेला. हनुवटीवर आडवा व्रण असलेला माणूस. मग दीर आणि भावजय दोघं त्याला शोधायला निघतात. ती ओळखणार आणि हा मारणार, असं ठरवून. अकरा भाग ती दोघं चालतात. मध्ये दरोडेखोर, महापूर, एक लबाड साधू, एक फारच गोड घोडा. मला खरं सांगायचं तर त्या भावजयीचं पटायचं. तिला एकदाही कुणी विचारत नाही की बाई तुझे पाय दुखतात का. पण शेवट काय, ते तुम्ही सांगेनात. "वाच," म्हणालात. मी वाचलं नाही. मी शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढली, शेल्फभर कादंबऱ्या वाचल्या, मी कशाला चित्रं बघत बसू? माझी ही मिजास मला पुढे महागात पडली.

आणि मग त्यावर सिनेमा आला. कार्टून नव्हे, जिवंत माणसांचा. तुम्हाला दोन रात्री झोप नाही. "रेषेला टॉलरन्स, म्हणजे मापात थोडी सूट, लागत नाही, विजू. माणसाला लागतो. ह्यांनी नाकं कुठून आणली असतील?" आपल्या विंडसरला तो लागला नाही, नदीपलीकडे डेट्रॉइटला लागला. म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आपण तिघं नदीखालच्या टनेलमधून अमेरिकेत गेलो, थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन, सामुराई बघायला.

बॉर्डरवरचा तो ऑफिसर आठवतोय ना? गाडी हे चालवत होते, पण उत्तरं तुम्ही देत होतात.

"पर्पज ऑफ युअर व्हिजिट?"

"इन्स्पेक्शन," तुम्ही म्हणालात.

"इन्स्पेक्शन ऑफ व्हॉट, मॅम?"

"अ सामुराई मूव्ही. दे हॅव मेड इट विथ रिअल पीपल."

त्यानं वाकून मागच्या सीटवर माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरचा डबा घट्ट धरला. "एनी वेपन्स इन द व्हेइकल?"

"नॉट येट," तुम्ही म्हणालात.

ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, झालं, आता तुम्ही आपल्याला आत बसवणार आणि सिनेमा चुकणार. पण तो ऑफिसर हसायला लागला. पासपोर्ट परत देताना म्हणाला, "एन्जॉय द इन्स्पेक्शन." त्याला तुम्ही खिडकीतून हिरवा टॅग दिलात, आणि त्यानं तो घेतला! टनेल पार होऊन बरंच पुढे गेल्यावर ह्यांना कंठ फुटला. "ताई, पुढच्या वेळी तू मागे बसायचं."

थिएटरात सगळी तरुण पोरं. आपली सरासरी सत्तर. एक मुलगी त्या भावजयीसारखी गवती टोपी घालून आली होती, तर तुम्ही तिला थांबवून हनुवटीखालची गाठ सोडलीत आणि डावीकडे बांधून दिलीत, कारण पुस्तकात ती डावीकडे असते. ती तुमच्या गळ्यात पडली. सिनेमा सुरू झाला आणि तुम्ही अंधारात माझ्या कानाशी मापं सांगू लागलात. नाक ड्रॉइंगपेक्षा मोठं, पण चालेल. चपलेची पट्टी आधी उजवीकडे, मग डावीकडे. घोडा पास. पहिला दीड तास तुम्ही खूश होतात. मी तर त्या दोघांबरोबर चालतच होते.

आणि मग शेवट. बर्फ पडतंय. भावजय बोट दाखवते: हाच तो. तलवारी उपसल्या जातात. काय ती लढाई! सामुराई त्या माणसाला मारतो, स्वतःही घाव खातो, आणि भावजयीच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतो. तिच्या हातावर बर्फ साठत जातं. मी ढसाढसा रडले. हेसुद्धा रडले, नाही म्हणत असले तरी. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही हाताची घडी घालून बसलेल्या, कपाळाला आठ्या.

परतीच्या टनेलमध्ये आपला वाद पेटला.

"पुस्तकात तो मरत नाही," तुम्ही म्हणालात. "घरी जातो."

"सूड न घेता?"

"घरी जातो म्हटलं ना."

"मग अकरा पुस्तकं चालला कशाला? घरीच बसायचं होतं! शूर माणूस शेवटपर्यंत लढतो, वन्सं. सिनेमावाल्यांना कळलं ते."

"एवढं चालून मरायचंच होतं तर पहिल्या भागात मेला असता. तेवढेच पाय वाचले असते." मग तुम्ही मागे वळून माझ्याकडे बोट रोखलंत. "तू आधी शेवटचा भाग वाच. मग बोल."

"सांगा ना काय होतं ते!"

"सांगून कळायचं नाही. वाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर लाल टॅग लागला होता.

वर्षभर आपण त्या शेवटावर भांडलो. पोळ्या लाटताना, ग्रोसरीच्या रांगेत, रिव्हरफ्रंटवर फिरताना. मी म्हणायची, तुम्हाला रडू येत नाही म्हणून तुम्हाला सिनेमा कळत नाही. तुम्ही म्हणायचात, तुला वाचायचा कंटाळा म्हणून तुला रडू येतं. इतकं मजेचं भांडण मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केलेलं नाही. ह्यांनी मध्ये एकदा समेट घडवायचा प्रयत्न केला, तर आपण दोघींनी मिळून त्यांनाच झोडपलं.

दिवाळीच्या सुमाराला तुमच्या पोटातली ती गाठ सापडली. पहिलं औषध तुम्ही निमूट घेतलंत. केस गेले तर आरशात बघून म्हणालात, "फिनिशिंग चांगलं आलंय." मार्चमध्ये डॉक्टर म्हणाल्या, गाठ वाढली आहे, दुसरं औषध देता येईल, पण ते जास्त कडक असेल, त्यासाठी बराच काळ हॉस्पिटलात राहावं लागेल, आणि त्याचा उपयोग होईलच असं नाही. तुम्ही एका दमात म्हणालात, नको. मला घरी जायचंय.

आणि मी तुमच्याशी भांडले, वन्सं. या वेळी मजेनं नाही. हॉस्पिटलच्या त्या खोलीत तुमच्या पलंगाशी उभी राहून मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही असं पाठ फिरवूच कशी शकता? लढा. हे रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडतात, त्यांच्यासाठी लढा. सामुराई सामुराई करत होतात ना, मग लढा त्याच्यासारखं!

तुम्ही शांतपणे विचारलंत, "कुठल्या सामुराईसारखं? सिनेमातल्या की पुस्तकातल्या?"

"अशा वेळी तुम्हाला पुस्तकं सुचतात?"

"वाचलंस का अजून?"

मी खोलीबाहेर निघून गेले. वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला तुमचा राग आला होता. आता कळतं की तो राग नव्हता, मी घाबरले होते.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी आपल्या तिघांना बोलावलं. तुम्ही घरी जायला निघाल्यासारख्याच बसला होतात. कोटाची सगळी बटणं लावलेली, पर्स मांडीवर, पायात बूट. डॉक्टरांनी तुम्हाला पुन्हा सगळं समजावलं, तुम्ही पुन्हा नको म्हणालात. मग त्यांनी आमच्याकडे पाहून विचारलं, "इज द फॅमिली ओके विथ धिस?" हे जमिनीकडे बघत राहिले. तुम्ही डॉक्टरांकडे पाहिलं नाहीत, ह्यांच्याकडेही नाही. माझ्याकडे पाहिलंत. चाळीस वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, "येस डॉक्टर. वी ऑल अग्री."

खोटं बोलले. साफ खोटं. मला काही पटलेलं नव्हतं. पार्किंग लॉटमध्ये, तुम्ही गाडीत बसल्यावर, ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला खरंच पटलंय?" मी म्हटलं, "हो." हे दुसरं खोटं. गाडीत बसले तर तुम्ही मागे हात करून माझा हात धरलात आणि म्हणालात, "न वाचताच शेवट पाठ झाला की गं तुला." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत काहीतरी बोलताय.

ते सहा आठवडे मात्र मी कुणालाही देणार नाही. मागच्या डेककडे तोंड करून तुमचा पलंग लावला आणि तुम्ही झोपल्या जागेवरून सगळ्या घराचं इन्स्पेक्शन सुरू केलंत. घरी येणाऱ्या नर्सला पहिल्याच दिवशी हिरवा टॅग मिळाला, तो ती पुढे रोज गळ्यात घालून यायची. साबुदाण्याच्या खिचडीला पिवळा: 'मीठ, रीवर्क.' ह्यांनी घाईत केलेल्या दाढीला लाल. एप्रिलमधल्या पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी तुम्ही मला डेकवर सांडगी मिरच्या वाळत घालायला लावल्यात, या गारठ्यात वाळणार नाहीत असं मी घसा फोडून सांगत असताना. त्या वाळल्या नाहीत. खारींनी पळवल्या. एक खार मिरची खाऊन कुंपणावर जी काही नाचली, ते बघून तुम्ही इतक्या हसलात की पोट धरावं लागलं, आणि मग पोट दुखलं, तरी हसतच राहिलात. आपण तिघं हसत होतो. अशाच एका सकाळी, मेच्या सुरुवातीला, चहा अर्धा पिऊन तुम्ही गेलात. ह्यांचा हात तुमच्या हातात होता आणि मी आल्याच्या चहाचं भांडं घासत होते.

सगळे म्हणतात, छान मरण आलं. येईना का. तेव्हापासून माझ्या मनात एकच किडा वळवळत होता. मी खोटं बोलले म्हणून तुम्ही लवकर गेलात का? मी 'नाही' म्हटलं असतं तर ह्यांनीही म्हटलं असतं. दोघांनी लावून धरलं असतं तर तुम्ही ते औषध घेतलं असतं कदाचित. हा उन्हाळा तरी पाहिला असता. ह्यांच्याशी बोलायचा धीर होईना. ज्या माणसाला मी खोटं सांगितलं, त्याच्याच खांद्यावर कशी रडू?

तेराव्यानंतर तुमची खोली आवरायला घेतली. खिडकीखाली अकरा पुस्तकं ओळीनं उभी. प्रत्येकाच्या उजव्या बाजूला एक हिरवा टॅग चिकटवलेला, आणि प्रत्येकावर एकच वाक्य: 'विजू, इकडून.' मला उलटं वाचायची संधीही ठेवली नाहीत! स्वतः केलेली चूक दुसऱ्याला करू द्यायची नाही, हा तुमचा स्वभाव. अकराव्या पुस्तकाला मात्र दोऱ्यानं पिवळा टॅग बांधलेला. होल्ड. 'वस्तू: शेवट.' पहिली सही तुमची, पूर्ण नावानं. दुसऱ्या सहीची जागा रिकामी. खाली शेरा: 'न वाचता सही करू नये.' आणि तारीख. तारीख डॉक्टरांकडून घरी आलो त्या दिवसाची.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माझं ते 'येस डॉक्टर' तुम्ही ऐकलंत, धरून घरी आलात आणि होल्डवर ठेवून दिलंत.

मग मी वाचायला बसले. पहिल्या भागापासून, उजवीकडून. नऊ दिवस लागले. हे चहा करून आणून ठेवत आणि काही विचारत नसत. चित्रांच्या पुस्तकांना नावं ठेवणारी मी घोड्यासाठी दोनदा रडले, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. अकरावा भाग काल दुपारी डेकवर बसून वाचला.

ती दोघं नदीकाठच्या एका गावात पोचतात. होडीवाला म्हातारा त्यांना पलीकडे नेतो. मध्यावर तो तोंड पुसायला मान वर करतो आणि हनुवटीवरचा आडवा व्रण दिसतो. आपल्याला दिसतो, भावजयीला दिसतो, आणि सामुराईलाही दिसतो. त्याचा हात तलवारीच्या मुठीवर जातो. तो तिच्याकडे बघतो. पुढचं अख्खं पान फक्त तिचे डोळे. तिला सूड हवाच आहे, वन्सं, अकरा भाग त्यासाठीच ती चालली आहे. पण ती त्या दिराकडे बघते. किती थकलाय, कसा वाळलाय, ते पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघते. आणि म्हणते, "हा तो नव्हे."

खोटं. तिला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. तो मुठीवरचा हात काढतो आणि म्हणतो, "मग घरी जाऊ."

त्यानंतरची चाळीस पानं कुणी बोलत नाही. ती चालत परत जातात. छप्पर शाकारतात. शेत नांगरतात. शेवटच्या चित्रात भिंतीवर तलवारीची खुंटी आहे, आणि तिच्यावर मुळे वाळत घातलेत. खाली दोघं जेवायला बसली आहेत.

मी पुस्तक मिटलं आणि तुमच्या नावानं हाक मारून हसले. न वाचताच शेवट पाठ झाला की गं तुला! गुंगी कसली, तुम्ही चांगल्या शुद्धीत होतात. सव्वा वर्ष मी जो शेवट वाचायचं टाळलं, तोच डॉक्टरांसमोर करून बसले होते. आणि तुम्ही त्या खोट्याला लाल टॅग लावला नाहीत.

सिनेमा मला अजूनही आवडतो, हे लिहून ठेवते. तुमच्या लाल टॅगखाली मी 'असहमत' असं लिहिलंय. तो वाद आपण चालू ठेवू, मला त्याची गरज आहे.

आज सकाळी ह्यांना समोर बसवलं. म्हटलं, त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला पटलं नव्हतं. हे कपातला चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "माहीत होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"ताईला घरी यायचं होतं ना," हे म्हणाले.

मी उठून पेन आणलं. पिवळ्या टॅगवर दुसऱ्या सहीच्या जागी तुमच्या नियमाप्रमाणे पूर्ण नाव लिहिलं, आजची तारीख घातली, आणि तो लाल टॅगशेजारी फ्रिजवर लावला. हे चष्मा लावून दोन्ही सह्या वाचत कितीतरी वेळ तिथे उभे होते.

पटलं, वन्सं.